हेलोतले आरआर लायरी तारे कसे हुडकायचे

आकाशगंगेच्या तबकडीभोवतीचा जुन्या ताऱ्यांचा विरळ, गोलसर पसारा म्हणजे हेलो, आणि लयीत फुगत-आकसत तेज बदलणारे तिथले जुने तारे म्हणजे आरआर लायरी. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर, आकाशाच्या एका चौरस अंशात असे साधारण एक ते दोन तारे मिळतात. व्हेनेझुएलातल्या एक मीटरच्या श्मिट दुर्बिणीवर झालेल्या क्वेस्ट पाहणीत ३८० चौरस अंशांत ४९८ तारे निघाले, तर स्लोन पाहणीच्या ‘स्ट्राइप ८२’ या सुमारे २९० चौरस अंशांच्या पट्टीत ४८३. पौर्णिमेचा चंद्र जेमतेम एक-पंचमांश चौरस अंश व्यापतो. म्हणजे पाच चंद्र मावतील एवढ्या जागेत हजारो तारे, आणि त्यांत कामाचा एखादाच. मोहिमेचा आराखडा या एका आकड्यावरून ठरतो: आधी रुंदी, मग वेळापत्रक आणि सर्वांत शेवटी खोली, म्हणजे किती मंद तारे टिपायचे ते. बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. मोठा आरसा, लांब एक्स्पोजर, अर्ध्या अंशाचं क्षेत्र. मग महिनाभर जागून हाती एकही तारा लागत नाही.

आरआर लायरीच का, तर हे तारे दहा अब्ज वर्षांहून जुने असतात आणि त्यांचं खरं तेज जवळपास सारखंच असतं. प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद; निरपेक्ष प्रत म्हणजे तारा दहा पार्सेकवर ठेवला तर दिसेल ती. हिरवट-पिवळ्या व्ही फिल्टरमध्ये त्यांची निरपेक्ष प्रत ०.६ च्या आसपास येते. आवर्तकाल, म्हणजे तेजाचा एक पूर्ण चढउतार व्हायला लागणारा काळ, ०.२ ते १ दिवस. ताऱ्याच्या बाहेरच्या थरातलं अर्धवट आयनीभूत हेलियम झडपेसारखं उष्णता अडवतं आणि सोडतं, त्यामुळे तारा फुगतो-आकसतो. हेलोत तरुण तारे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सेफिड, म्हणजे अंतर मोजायला वापरले जाणारे तरुण स्पंदणारे तारे, इथे कामाचे नाहीत. अंतर सांगणारा मैलाचा दगड हवा असेल तर हाच.

दोन मुख्य जाती ओळखता यायला हव्यात. आरआरएबी: आवर्तकाल बहुधा ०.४५ ते ०.८ दिवस, तेजातला फरक अर्धी ते दीड प्रत, चढ झपाट्याचा आणि उतार संथ, करवतीच्या दात्यासारखा आलेख. आरआरसी: ०.२ ते ०.४५ दिवस, फरक अर्ध्या प्रतीच्या आत, आलेख गुळगुळीत लाटेसारखा. दोन्ही लयींत एकदम डोलणारे आरआरडी थोडे असतात. त्यांच्या दोन आवर्तकालांचं गुणोत्तर ०.७४४ च्या आसपास येतं.

पल्ला किती

दृश्य प्रतीतून निरपेक्ष प्रत वजा केली की अंतराचा अंक मिळतो. त्यात ५ मिळवून ५ ने भागलं की पार्सेकमधल्या अंतराचा दहाच्या पायाचा लॉगरिदम. (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं, किलोपार्सेक त्याच्या हजारपट.) १४ व्या प्रतीचा आरआर लायरी ४.८ किलोपार्सेकवर, १७ व्या प्रतीचा १९ वर, २०.५ व्या प्रतीचा ९५ वर.

शेवटचा आकडा फसवा आहे. पालोमारच्या ४८ इंची दुर्बिणीवरची झेडटीएफ पाहणी एका चित्रात ४७ चौरस अंश घेते आणि ३० सेकंदांत आर फिल्टरमध्ये सुमारे २०.५ प्रतीपर्यंत पोचते. पण ती मर्यादा म्हणजे ‘तारा जेमतेम दिसला’ एवढंच. तिथे प्रतीतली चूक ०.२ असते. आवर्तकाल काढायला चूक ०.१ च्या आत हवी, म्हणजे पाऊण प्रत तिथेच गेली. शिवाय आरआरएबी तारा बराच वेळ मंद अवस्थेत काढतो आणि ती सरासरीपेक्षा तीन-चार दशांश खालची असते. विश्वासाने वापरता येणारी सरासरी प्रत १९.३ च्या आसपास येते आणि पल्ला ९५ नव्हे, ५५ किलोपार्सेक. स्वतःच्या साधनांचा हिशोबही असाच, सव्वा प्रत कापून करा.

घरचं साधन म्हणजे २०० मिलिमीटरची एफ/२.८ लेन्स आणि एपीएस-सी आकाराचा थंड केलेला सीमॉस कॅमेरा धरू. क्षेत्र ६.७ गुणिले ४.५ अंश, म्हणजे ३० चौरस अंश. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला सुमारे ३.९ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). अंधाऱ्या जागेवरून दोन-दोन मिनिटांच्या चित्रांत १४ व्या प्रतीपर्यंत नीट मोजमाप होतं. म्हणजे हेलोच्या उंबरठ्यापर्यंतच पोच. त्या टप्प्यातले तारे गाया उपग्रहाच्या यादीत आधीच आहेत. तिसऱ्या प्रकाशनातच सुमारे २ लाख ७० हजार आरआर लायरी आहेत. म्हणून नवा तारा सापडेल या आशेवर लेन्स लावू नका. ज्ञात ताऱ्यांचे आवर्तकाल किती सरकले, कुणाच्या तेजात ब्लाझ्को डोल आहे (म्हणजे चढउताराचा आकारच हळूहळू बदलत राहतो), ही कामं तिच्यावर उत्तम होतात. दूरच्या हेलोसाठी झेडटीएफचा खुला साठा घ्या. पुढच्या पायऱ्या दोन्हींना लागू आहेत.

कुठे आणि कधी

आकाशगंगेच्या पट्ट्यापासून निदान ३० अंश दूर राहा. त्याच्या आत धूळ वाढते आणि जवळच्या ताऱ्यांची गर्दी होते. आकाशगंगेच्या उत्तर ध्रुवाकडचं क्षेत्र म्हणजे अरुंधतीकेश, कन्या, भूतप. महाराष्ट्रातून ते फेब्रुवारी ते मे चांगलं मिळतं आणि अरुंधतीकेश जवळजवळ डोक्यावरून जातो. तिच्या दक्षिण ध्रुवाकडचं मीन-तिमिंगलाचं क्षेत्र ऑक्टोबर ते डिसेंबर. मधले चार महिने पावसाचे.

ही पावसाळ्याची खाच नुसती गैरसोय नाही, ती आकडेमोडीतही उमटते. दरवर्षी त्याच महिन्यांत खंड पडला की खऱ्या आवर्तकालाशेजारी वर्षभराच्या हिशोबाने खोटा आवर्तकाल उभा राहतो: ०.५५००० ऐवजी ०.५४९१७ दिवस. एका मोसमाच्या नोंदींत दोघे सारखेच बसतात. वर्षाच्या इतर महिन्यांतली मोजमापं मिसळली की खोटा गळून पडतो.

चांदण्यात निळसर फिल्टर वापरू नका. अंधाऱ्या पंधरवड्यात निळसर-हिरवा जी, उजेड्यात लाल आर. मात्र ‘जी एका पंधरवड्यात, आर दुसऱ्या’ अशी घेतलेली चित्रं रंग काढायला चालत नाहीत. कारण पुढे येईल.

वेळापत्रक

रोज रात्री दहाला एक चित्र, हे सर्वांत वाईट वेळापत्रक. ज्याचा आवर्तकाल अर्धा दिवस आहे तो तारा दर वेळी त्याच फेजमध्ये, म्हणजे आवर्तनाच्या त्याच टप्प्यावर, सापडेल आणि स्थिर ताऱ्यांत जमा होईल. एका रात्रीत तेच क्षेत्र तीनदा घ्या, पण अंतरं असमान ठेवा: पहिल्यानंतर सव्वा तासाने दुसरं, त्यानंतर तीन तासांनी तिसरं. दुसऱ्या रात्री सुरुवातच दोन तास उशिरा करा. मग आठवडाभराची सुट्टी, मग पुन्हा दोन रात्री, मग महिन्याने. जवळच्या जोड्या झपाट्याचा चढ पकडतात. दूरच्या तारखा आवर्तकालाचे दशांश पक्के करतात.

तारा बदलतो आहे हे कळायला १२ ते १५ नोंदी पुरतात. एकाच फिल्टरमध्ये भरवशाचा आवर्तकाल हवा असेल तर तीसेक, आणि आलेखाच्या आकारावरून धातूंचं (हेलियमहून जड मूलद्रव्यांचं) प्रमाण काढायचं असेल तर पन्नासच्या पुढे, तेही सगळ्या फेजमध्ये पसरलेल्या. हवाईतल्या पॅन-स्टार्स१ पाहणीकडे साडेचार वर्षांत दर फिल्टरमध्ये बाराच्या आसपास नोंदी होत्या. पाच फिल्टर एकत्र बसवल्यामुळेच त्यांचं काम झालं.

एक्स्पोजर आवर्तकालाच्या एक टक्क्याच्या आत ठेवा. अर्ध्या दिवसाच्या ताऱ्यासाठी ती मर्यादा सात मिनिटांची आहे. त्याहून लांब चित्रात टोकदार शिखर बोथट होतं.

मोजमाप आणि घड्याळ

डार्क आणि फ्लॅट (कॅमेऱ्याचे दोष वजा करायला घेतलेली झाकण लावून आणि एकसारख्या उजेडातली चित्रं) नेहमीप्रमाणे. मोजणीच्या वर्तुळाची त्रिज्या ताऱ्याच्या ठिपक्याच्या अर्ध्या-उंचीवरच्या रुंदीच्या सव्वा ते दीडपट ठेवा. तुलनेचे तारे पाच ते दहा घ्या, आणि ते रंगाने आरआर लायरीच्या जवळचे हवेत. लाल तारे तुलनेला घेतले तर क्षितिजाकडे जाताना निळसर तारा जास्त मंदावतो आणि रात्रभराचा खोटा उतार तयार होतो. उंची ३० अंशांच्या खाली गेली की थांबा.

सर्वाधिक नासाडी घड्याळाने होते. कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये भारतीय वेळ पडली आणि झेडटीएफची नोंद जागतिक वेळेत असली, तर साडेपाच तासांचा फरक ०.५५ दिवसांच्या ताऱ्यासाठी ०.४२ फेज होतो. दोन्ही संच वेगवेगळे पाहिले तर सुंदर दिसतात. एकत्र केले की लापशी. ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी) आणि सुधारित ज्युलियन दिनांक यांत २४ लाख दिवसांवर आणखी अर्ध्या दिवसाची तफावत आहे, तिथेही तीच गत. फाइलमधली वेळ सहसा शटर उघडण्याची असते, तिच्यात अर्धं एक्स्पोजर मिळवा. शेवटी वेळ सूर्यकेंद्रावर न्या: पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यानुसार प्रकाश ८.३ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो.

झेडटीएफच्या साठ्यात एकाच ताऱ्याला फिल्टरगणिक आणि क्षेत्रागणिक वेगळा क्रमांक असतो. क्रमांकावर विसंबलात तर निम्म्या नोंदी हरवतील. जागेवरून, दीड विकलांच्या आत, सगळे क्रमांक गोळा करा आणि दर्जाचा ‘कॅटफ्लॅग्ज’ हा रकाना शून्य असलेल्याच ओळी ठेवा.

गाळणी

पहिली चाळण चढउताराची. सगळ्या ताऱ्यांची सरासरी प्रत आडव्या अक्षावर आणि विचलन उभ्या अक्षावर मांडा. स्थिर तारे एका वाकत्या पट्ट्यात बसतात, मंद बाजूला पट्टा वर चढतो. एक प्रत फरकाचा आरआरएबी ०.३ च्या आसपास विचलन दाखवतो, ०.४ प्रत फरकाचा आरआरसी ०.१४. पट्ट्याच्या तिप्पट वर असलेले सगळे उचला.

इथे एक सवय मोडावी लागते. सरासरीपासून दूरचे बिंदू आपोआप उडवणारी आज्ञा बंद ठेवा. आरआरएबी शिखरावर थोडाच वेळ असतो. वीस नोंदींत शिखराच्या दोनच असतात आणि त्याच ‘चुकीच्या’ म्हणून उडू शकतात. उरतो तो निस्तेज उतार, आणि तारा यादीतून बाद.

दुसरी चाळण रंगाची, म्हणजे दोन फिल्टरमधल्या प्रतींच्या फरकाची. स्लोनच्या फिल्टरांत, धुळीची दुरुस्ती केल्यावर, यू वजा जी ०.७५ ते १.४५ आणि जी वजा आर −०.२५ ते ०.४० या चौकटीत आरआर लायरी पडतात. यू वजा जी हा रंग क्वासार (ताऱ्यासारखे दिसणारे दूरच्या दीर्घिकांचे तेजस्वी गाभे) बाहेर काढतो, म्हणून अतिनील यू फिल्टर मिळत असेल तर सोडू नका. स्लोनने पाचही फिल्टर काही मिनिटांच्या आत घेतले होते, तेव्हा ही चौकट इतकी आखूड ठेवता आली. जी आज आणि आर परवा घेतला असेल तर मधल्या काळात तारा पाऊण प्रत हलला असेल, आणि तो ‘रंग’ नसून दोन वेगळ्या फेजमधला फरक असतो. अशा वेळी दोन्ही फिल्टरचे आलेख आधी बसवा आणि सरासऱ्यांवरून रंग काढा.

आवर्तकाल

दिवसाला १ ते ५ फेऱ्या एवढाच पट्टा तपासा. पाऊल ०.१ भागिले एकूण दिवस: हजार दिवसांच्या नोंदींसाठी ०.०००१, म्हणजे चाळीस हजार चाचण्या. पाऊल मोठं ठेवलं तर खऱ्या आवर्तकालाचं शिखर दोन पावलांमधून निसटतं आणि काही चुकल्याचं कळतही नाही.

आवर्तकाल शोधणारी लॉम्ब-स्कार्गल पद्धत पायथनच्या ॲस्ट्रोपाय संचात तयार मिळते. ती मुळात साधी लाट बसवते, करवतीचा दाता नव्हे. म्हणून तीन हार्मोनिक घ्या, म्हणजे मूळ लाटेसोबत तिच्या दुप्पट आणि तिप्पट वेगाच्या लाटाही. हार्मोनिक वाढवले की दुप्पट आवर्तकालही आकर्षक दिसू लागतो, हे ध्यानात ठेवा. ताळा म्हणून लाफ्लर-किनमन पद्धत चालवा. लिक वेधशाळेच्या २० इंची दुर्बिणीवरच्या आरआर लायरी पाहणीसाठीच ती १९६५ मध्ये मांडली गेली. गृहीत आवर्तकालावर नोंदी दुमडा (सगळी आवर्तनं एकावर एक आणून ठेवा), फेजनुसार लावा, शेजारशेजारच्या प्रतींतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या. सर्वांत लहान बेरीज देणारा आवर्तकाल उमेदवार. आलेखाचा आकार आधी गृहीत धरावा लागत नाही, आणि एका ताऱ्यासाठी साध्या स्प्रेडशीटमध्येही जमतं.

पहिल्या क्रमांकाचं शिखर आंधळेपणाने घेऊ नका. ०.५५ दिवसांचा तारा दिवसाला १.८१८ फेऱ्या करतो. त्यात रात्री-रात्रीच्या निरीक्षणामुळे एक फेरी मिसळली की २.८१८, म्हणजे ०.३५५ दिवस. एक आरआरएबी असा आरआरसीच्या घरात जाऊन बसतो. पहिली दहा शिखरं घ्या, दहा आलेख दुमडा आणि डोळ्यांनी पाहा. आवर्तकाल आणि तेजातला फरक यांचा आलेखही मदत करतो: आरआरएबी ताऱ्यांत आवर्तकाल जितका लहान तितका फरक मोठा, आणि ती तिरपी रेघ सोडून भलतीकडे पडलेला बिंदू बहुधा चुकीच्या शिखराचा असतो.

नीट दुमडूनही तेजाच्या शिखराजवळ बिंदू पसरलेले आणि उताराला मात्र रेघ बारीक, असं दिसलं तर तो ब्लाझ्को परिणाम असू शकतो. १९०७ मध्ये सेर्गेई ब्लाझ्को यांनी कालेय समूहातल्या आरडब्ल्यू ड्रॅकोनिस या ताऱ्यात तो नोंदवला. ज्याच्यावरून या जातीला नाव मिळालं त्या आरआर लायरी ताऱ्याचा हा डोल सुमारे चाळीस दिवसांचा आहे. असा तारा टाकून देऊ नका, अंतराच्या चुकीचा अंदाज तेवढा वाढवा.

तोतये

डब्ल्यू उर्सी मेजॉरिस जातीची चिकटलेली जोडतारे सर्वांत जास्त फसवतात, विशेषतः आरआरसी म्हणून. एका प्रदक्षिणेत दोन ग्रहणं होतात, त्यामुळे संगणक निम्मा आवर्तकाल देतो. प्रत्येक आरआरसी उमेदवार दुप्पट आवर्तकालावर दुमडून पाहा. दोन दऱ्यांची खोली वेगळी निघाली तर तो जोडतारा. खोली सारखीच असेल तर रंग बघा: जोडताऱ्याचा रंग जवळजवळ बदलत नाही, आरआर लायरी मात्र तेजस्वी होताना निळा होतो, म्हणून जीमधला चढउतार आरपेक्षा स्पष्ट मोठा दिसतो.

दुसरे तोतये म्हणजे डेल्टा स्कूटी आणि एसएक्स फिनिसिस. खरा आवर्तकाल एक-दोन तासांचा, पण विरळ नोंदींत तो ०.२-०.३ दिवसांच्या खोट्या शिखरावर बसू शकतो. हे तारे सुमारे दोन प्रतींनी मंद असतात. आरआर लायरी समजून अंतर काढलं तर ते अडीचपट निघतं. हेलोच्या टोकाला अचानक गर्दी दिसू लागली तर आधी यांच्यावर संशय घ्या. एका रात्रीत सलग चार तास वेध घेतले की ढोंग उघडं पडतं. गायाचा लंबनही (पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्याच्या जागेत दिसणारा सूक्ष्म फरक, जवळच्या ताऱ्याला जास्त) मदतीला येतो: १७ व्या प्रतीला त्यातली चूक ०.०७ मिलिविकलांच्या घरात असते, आणि २० किलोपार्सेकवरच्या ताऱ्याचा लंबन ०.०५. म्हणजे अंतर मोजायला तो निरुपयोगी, पण अर्ध्या मिलिविकलेच्या वर स्पष्ट लंबन असलेला उमेदवार बेधडक बाद करता येतो.

क्वासार आवर्तन दाखवत नाहीत. पहिल्या वर्षाचा आलेख दुसऱ्या वर्षी जुळत नाही, तेवढ्यावर ओळखा.

अंतर, एक उदाहरण सोडवून

सरासरी प्रत बिंदूंची नको, बसवलेल्या आलेखाची काढा, तीही प्रतींची नव्हे तर प्रकाशाची सरासरी काढून मग तिची प्रत करा. धातूंच्या प्रमाणासाठी व्ही फिल्टरच्या आलेखाला साइन श्रेणी बसवा. तिसऱ्या पदाच्या फेजमधून पहिल्याची तिप्पट वजा केली की फाय-३१ मिळतो. युर्चिक आणि कोवाच यांचं १९९६ चं सूत्र असं: धातुप्रमाण = −५.०३८ − ५.३९४ × आवर्तकाल + १.३४५ × फाय-३१. साइनऐवजी कोसाइन श्रेणी वापरली तर फाय-३१ पाय एवढ्याने सरकतो आणि उत्तर ४.२ ने बिघडतं. सूत्र आरआरएबीसाठी आणि व्हीसाठीच आहे; जी किंवा आरचे आकडे त्यात भरू नका.

आवर्तकाल ०.५५, फाय-३१ ५.०: धातुप्रमाण −१.२८. निरपेक्ष प्रत = ०.२३ × धातुप्रमाण + ०.९३, म्हणजे ०.६४. सरासरी व्ही १७.२०. धुळीच्या नकाशात श्लेगेल-फिंकबायनर-डेव्हिस यांचा रंगलालिमा (धुळीमुळे रंगात आलेली लाली) ०.०४, श्लाफ्ली-फिंकबायनर यांच्या २०११ च्या दुरुस्तीनुसार २.७४२ ने गुणलं की ०.११ प्रत. उरली १७.०९. अंतर साडेएकोणीस किलोपार्सेक, सुमारे ६४ हजार प्रकाशवर्षं. धूळ विसरलात तर साडेवीस. प्रतीतली दशांशाची चूक अंतरात सुमारे पाच टक्के आणते, त्यामुळे इथे दशांशापुढे आणखी आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

किती निसटले

यादी झाली की लगेच घनता काढायचा मोह होतो. त्याआधी बनावट तारे नोंदींत मिसळून चाळण तपासा. आरआरएबी आणि आरआरसीचे आदर्श आलेख घ्या, वेगवेगळ्या आवर्तकालांवर आणि प्रतींवर हजारेक तारे बनवा, त्यांना तुमच्याच तारखा आणि तुमच्याच चुका द्या, आणि तीच चाळण चालवा. प्रत्येक अर्ध्या प्रतीच्या कप्प्यात किती परत सापडले ते लिहून ठेवा. जिथे निम्मेही परत येत नाहीत तो कप्पा वापरू नका. आरआरसीचं प्रमाण नेहमी कमी निघतं, म्हणून दोन्ही जातींचा हिशोब वेगळा ठेवा.

२० ते २५ किलोपार्सेकच्या थरात एका चौरस अंशाच्या पाचरीचं घनफळ ०.७७ घन किलोपार्सेक भरतं. ताऱ्यांची संख्या या घनफळाने आणि परत-सापडीच्या प्रमाणाने भागा. आलेली घनता बाहेर जाताना उतरत जायला हवी. मध्येच उंचवटा दिसला तर तो खरा असू शकतो: क्वेस्टला कन्या राशीच्या दिशेला २० किलोपार्सेकच्या आसपास असाच पुंजका सापडला होता, आणि ५० च्या सुमारास धनू बटुआकाशगंगेपासून ओढला गेलेला प्रवाह. पण उंचवट्याची कड तुमच्या क्षेत्राच्या सीमेशी किंवा एखाद्या कॅमेरा-चिपच्या कडेशी समांतर जात असेल, तर तो आकाशातला नाही.

सरावाला शामशबल समूहातला एम३ घ्या. या गोलाकार गुच्छात दोनशेहून अधिक आरआर लायरी आहेत, सगळे एकाच अंतरावर, सरासरी प्रत १५.६ च्या आसपास. आठ इंची दुर्बिणीतून दोन मिनिटांची चित्रं, एप्रिलच्या दोन रात्री, प्रत्येकी सहा तास. गाभ्यात ठिपके एकमेकांत मिसळतात, म्हणून मध्यापासून तीन कला बाहेरचेच तारे मोजा. चाळणीतून निघालेली यादी ज्ञात यादीशी ताडून बघा, आणि जे निसटले ते नेमक्या कोणत्या पायरीला निसटले ते शोधा. ते सापडेपर्यंत कन्येकडे वळू नका.